कन्हानात माणसं आहेत, मंत्रिमहोदय

मा. आकाश फुंडकर,
कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई



३ सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ बैठकीत कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. दुकानं आणि आस्थापनांसाठी ९ तासांचे १० झाले. या बदलाची जी कारणं शासनानं दिली, त्यांतलं एक असं होतं की मागणी वाढली किंवा मनुष्यबळाची टंचाई असली, तरी उद्योगांचं काम अडू नये. मला या एका कारणाबद्दलच आपल्याशी बोलायचं आहे. आपण खामगावचे. कापसाच्या गावात वाढलेल्या माणसाला मजुरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

मी पारशिवनी तालुक्यातल्या कन्हानला राहतो. तारसा रोडच्या बाजूला माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षांचे अर्ज अशी कामं होतात, पण निम्मी गर्दी पीएफची असते. कोणाचा क्लेम अडलेला, कोणाच्या नावात चूक, कोणाची नोकरी सोडल्याची तारीखच कंपनीनं भरलेली नाही. या कामामुळे आसपासच्या गावांतल्या पोरांची पासबुकं रोज डोळ्यांखालून जातात.

त्यातलं एक आपल्यापुढे ठेवतो. सत्तावीस वर्षांचा मुलगा, आयटीआय झालेला, फिटर. पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक एकच, पण त्याखाली मेंबर आयडींची रांग. प्रत्येक आयडीपुढे वेगळ्या आस्थापनेचं नाव. मी त्याला विचारलं, एवढ्या कंपन्या का बदलल्या? तो म्हणाला, "कंपनी एकच आहे भाऊ. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझरही तोच. ठेकेदार बदलते." कुठे आठ महिने, कुठे दहा, मध्ये एखाद-दुसऱ्या महिन्याची फट. त्या फटीतही तो त्याच गेटातून आत जात होता, फक्त त्या दिवसांचा पीएफ कुठे जमा झालेला नाही. सलग पाच वर्षं कागदावर कुठेच दिसत नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा विषय निघत नाही. अनुभवाची वाढ मिळत नाही, कारण दर वेळी तो नव्यानं लागलेला असतो. मूळ वेतन कमी दाखवून बाकीची रक्कम भत्त्यांत टाकलेली, म्हणजे पीएफही कमी. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट; त्याच्या हिशेबात तो साधा, पोरं त्याला 'सिंगल ओटी' म्हणतात. काहींच्या बाबतीत तर खात्यात किमान वेतन पूर्ण जमा होतं आणि त्यातली ठरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाला रोख परत द्यावी लागते. कागद तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला सगळं नियमात दिसतं.

या मुलानं गेल्या वर्षी ते काम सोडलं. आता तो नागपुरात मोटारसायकलवर पार्सलं पोहोचवतो. त्यातही भविष्य नाही हे त्याला कळतं. पण रोज किती कमावले ते त्याच दिवशी दिसतं आणि त्यातून कोणाला काही परत द्यावं लागत नाही, असं तो सांगतो. तो गेला त्या दिवशी एका कारखान्याच्या नोंदीत फिटरची एक जागा रिकामी झाली. अशा जागा एकत्र मोजल्या की त्यांचं नाव मनुष्यबळाची टंचाई होतं.

आमच्या चौकात नोकऱ्यांच्या पाट्या कायम लागलेल्या असतात. फिटर, वेल्डर, ऑपरेटर, हेल्पर पाहिजेत. शिक्षण लिहिलेलं असतं, वय लिहिलेलं असतं, मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत असतो. पगाराच्या जागी 'योग्यतेनुसार'. कांद्याचा, तुरीचा, सोन्याचा भाव उघड बोलला जातो. माणसाच्या एका दिवसाचा भाव तेवढा फोनवर, तोही समोरच्यानं जुना पगार किती होता हे सांगितल्यावर.

कन्हानला काम करायचा कंटाळा आहे असं म्हणायला जागा नाही. हे गावच कामावर उभं राहिलं. नदीपलीकडे कामठी, भोवताली कोळशाच्या खदानी, इंदर, गोंडेगाव, कामठी ओपन कास्ट. थोडं पुढे मनसर-कांद्रीचं मॅंगनीज. गावात ब्रुक बॉण्डचा कारखाना होता, खंडेलवाल फेरो अलॉइज होतं. भोंग्यावर घरातल्या स्वयंपाकाची वेळ ठरायची. सिवनी, बालाघाट, छत्तीसगड, आंध्र, बिहार अशा ठिकाणांहून माणसं इथे आली, कारण इथे मिळणाऱ्या पगारात घर उभं राहत होतं. तेव्हा कोणी 'मनुष्यबळ' शोधत फिरत नव्हतं. पुढे गावातले मोठे कारखाने बंद पडले. खदानी चालू आहेत, आणि जोरात चालू आहेत. १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली तेव्हा वर्षाला ७.९ कोटी टन कोळसा निघत होता, २०२४-२५ मध्ये तो ७८ कोटी टनांवर गेला. कायम कामगार मात्र एकेकाळी सहा लाखांहून जास्त होते, ते सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. माती काढायची, डंपर चालवायचे, कोळसा वाहायचा, ही कामं ठेक्यावर गेली.

कोळसा खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात, आपल्या खात्याच्या नाही, हे मला माहीत आहे. तरी त्यांचा विषय काढतो, कारण मजुरीचा फरक काय करतो हे आमच्या गल्लीत त्यांच्यामुळेच दिसतं. मे २०२३ मध्ये कोळसा कामगारांचा अकरावा वेतन करार झाला, त्यात १९ टक्क्यांची किमान वाढ मिळाली. ती कायम कामगाराला. ठेक्यावरच्यांसाठी वेगळ्या उच्चाधिकार समितीनं दर ठरवून दिले होते. जानेवारी २०१३ पासून अकुशल कामगाराला रोज ४६४ रुपये, महागाई भत्ता निराळा. एकाच खदानीत, एकाच धुळीत, दोन माणसं आठ-आठ तास डंपर चालवतात. एकाचा मुलगा इंजिनीअरिंगला जातो. दुसरा मुलाला बारावीनंतर ड्रायव्हिंगचं लायसन्स काढून देतो. दोघांची घरं एकमेकांना लागून आहेत. विषमतेचा अभ्यास करायला मला दूर कुठे जावं लागत नाही.

तरीही, ठेक्यावरच्यासाठी निदान वेगळा आणि सर्वसाधारण किमान वेतनाहून बरा दर लिहून ठेवला गेला, म्हणून तिथलं काम लोक सहज सोडत नाहीत. ज्या गेटवर तो दर खरोखर हातात पडतो, तिथे रांग असते. जिथे कागदावरच राहतो, तिथून पोरं गळतात. गाव तेच आणि पोरंही तीच.

आता बारा तासांचं पाहू. कन्हानच्या मुलांना चांगलं काम हवं तर बुटीबोरीला किंवा हिंगण्याला जावं लागतं. बुटीबोरी म्हणजे पूर्ण नागपूर ओलांडून दक्षिणेला, एका बाजूनं पन्नासेक किलोमीटर. आज ती मुलं पहाटे निघतात. बारा तासांच्या पाळीत येण्याजाण्याचे तीन तास मिळवा, बसची वाट पाहण्याचा वेळ मिळवा. घरी उरतात ते आठ तास, त्यात झोप, आंघोळ, जेवण आणि लेकराशी बोलणं. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. तिचं एक टोक कन्हान नदीजवळ आहे आणि दुसरं बुटीबोरीच्या एमआयडीसीत. ती सुरू झाली की आमच्या पोरांचा मोठा त्रास वाचेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वाचलेला तास पाळीत जाऊ नये.

जास्तीच्या कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, दुप्पट मोबदला मिळेल, असं शासनानं सांगितलं आहे. संमतीचं काय होतं ते सांगतो. कामाला लागायच्या दिवशी ठेकेदार पाच-सहा कागदांवर सह्या घेतो. काही छापील, काही कोरे. त्यातच संमतीचा कागद बसतो. नाही म्हणण्याचा हक्क कायम कामगाराला वापरता येतो, कारण नाही म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड पंच होतं. ठेक्यावरच्याचा गेटपास रद्द करायला कोणाला कारणसुद्धा लिहावं लागत नाही. देशातल्या संघटित कारखान्यांत आज चाळीस टक्क्यांहून जास्त कामगार ठेक्यावरचे आहेत. म्हणजे निम्म्याच्या जवळ जाणाऱ्या लोकांची संमती आपण अशी घेणार आहोत.

माणसं मिळत नाहीत हे गाऱ्हाणं आपल्या भागात नवीन नाही, आणि त्यावरचे उपायही इथेच झालेले आहेत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली. शेतीकडे ओढ असलेला माणूस मिलमध्ये रोज येईना. व्यवस्थापक बेझनजी मेहता आणि टाटांनी त्यावर उपाय म्हणून मिलमध्ये हवा खेळती केली, हजेरीला बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्यानं यातलं काहीही मागितलेलं नव्हतं. माणूस टिकवायचा तर त्याला टिकावंसं वाटलं पाहिजे, हे त्या मालकाला नफ्यातोट्याच्या हिशेबानंच उमगलं होतं.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या वेळी सरकार पेचात होतं आणि कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला. कारखाने, रेल्वे, सगळं कोळशावर चालणारं, आणि खाणीत माणसं मिळेनात. ती नाहीशी झाली नव्हती. लष्करी बांधकामांवर मोकळ्या आकाशाखाली जास्त मजुरी मिळत होती. धान्याचे भाव चढल्यामुळे शेतावरही पोट भरत होतं. अंधारात जीव धोक्यात घालून कमी पैशांत राबायला कोण थांबणार? तेव्हा १९४३ मध्ये सरकारनं बायकांना जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली, मध्य प्रांतातल्या खाणींसह. ज्या नदीचं नाव आमच्या गावाला आहे, तिच्या वरच्या अंगाला छिंदवाड्याकडे पेंच-कन्हानचं कोळसा खोरं आहे, तेही तेव्हा मध्य प्रांतातच होतं. या निर्णयावर देशभर टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली. ही युद्धकाळापुरती नाइलाजाची गोष्ट आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि खाणीत उतरणाऱ्या बाईला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हेही सभागृहासमोर मांडलं.

तो निर्णय बरोबर होता असं मी म्हणणार नाही. बायकांनी त्याची किंमत मोजली, आणि १९४६ मध्ये बंदी परत आली हे चांगलं झालं. पण टंचाईच्या त्याच दिवसांत त्या खात्यानं आणखी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारणारा वटहुकूम आला. एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेबांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं, त्याचाच १९४८ चा कायदा झाला. आणि १९४६ च्याच दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. देश युद्धातून नुकताच बाहेर पडत होता, उत्पादनाची गरज आजच्याहून कमी नव्हती, तरी तास कमी झाले. आपल्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकापुढे हा वारसा असतो.

असा वारसा आमच्या भागातही आहे. कामठीचे बाबू हरदास याच कन्हान नदीकाठचे. विडी कारखानदारांच्या ठेकेदारीत पिचलेल्या कामगारांची त्यांनी संघटना बांधली, १९३७ मध्ये ते कायदेमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये क्षयानं गेले, ऐन पस्तिशीत. कन्हान नदीवरच्या त्यांच्या घाटावर दर जानेवारीत लोक जमतात. तिथे येणाऱ्यांत मला माझ्या केंद्रात पासबुक घेऊन येणारे चेहरे दिसतात.

मग रास्त मजुरी म्हणजे किती? याचं उत्तर देशानं १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरवून ठेवलं आहे. एका कमावत्या माणसामागे तीन खाणारी तोंडं धरायची. प्रत्येकाला दिवसाला २,७०० कॅलरीचं अन्न. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळीसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. हे सूत्र नव्या वेतन संहितेच्या विचारातही आहे.

हे सूत्र कन्हानच्या एका स्वयंपाकघरात नेऊन पाहा. तीन तोंडं म्हणजे नवरा एक, बायको ०.८ आणि दोन लेकरं ०.६ प्रमाणे. पहाटे नवऱ्याचा डबा करून दिवसभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वाकणाऱ्या बाईची भूक पुरुषापेक्षा कमी धरली आहे. म्हातारी सासू या हिशेबात कुठेच नाही, आणि कन्हानच्या दहा घरांत ती निदान पाच-सहा घरांत असतेच. तरी सूत्र आहे तसं धरू. किराणा आणायला जा: तांदूळ, कणीक, तुरीची डाळ, गोडं तेल, साखर, चहा, मीठ-मिरची. गॅसचं सिलिंडर. दोन खोल्यांचं भाडं. विजेचं बिल. पोराची शिकवणी आणि बसचा पास. रेशनचं धान्य फुकट मिळतं, त्यानं मोठा आधार होतो, पण त्यात डाळ नाही आणि तेल नाही. मी माझ्याकडे आलेल्यांसोबत बसून ही बेरीज केली आहे. हेल्परच्या हातात पडणारा पगार भाडं, किराणा आणि सिलिंडरपर्यंत पुरतो. शिकवणी आणि दवाखाना बाहेर राहतात. त्या दोन्ही गोष्टी मग बचत गटाच्या कर्जातून होतात, नाहीतर मायक्रोफायनान्सच्या साप्ताहिक हप्त्यातून. बारा तास करायला तो तयार होतो तो या हप्त्यासाठी.

केंद्रानं नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दिवसाला ३७५ रुपयांचा तळाचा दर सुचवला होता, २०१८ च्या किमती धरून. त्या वेळचा राष्ट्रीय तळदर १७६ रुपये होता. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या कक्षेतल्या कामांवर मोठ्या शहरांत अकुशल मजुराला रोज ७८३ रुपये ठरले. एकाच देशात किमान शब्दाखाली एवढे वेगवेगळे आकडे बसतात. आमच्या मुलाला यातला कोणता आकडा लागू आहे हे मी त्याला सांगू शकतो; तो कसा वसूल करायचा हे सांगू शकत नाही.

शेतीचं वेगळं आहे, आणि त्याबद्दल न लिहिणं शेतकऱ्यांवर अन्याय होईल. पेंचच्या पाण्यावर पारशिवनी, मौदा, रामटेकचा धान पिकतो. रोवणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत ही ओरड खरी आहे. इथे मात्र बाजार उघड चालतो. गटाची प्रमुख बाई एकराचा हुंडा, म्हणजे ठोक दर ठरवते, शेतकरी घासाघीस करतो, पऱ्हे (धानाची रोपं) वाढत चाललेले असतात म्हणून संध्याकाळपर्यंत सौदा होतो, आणि चुकारा बांधीच्या धुऱ्यावर हातात. टंचाई असली की दर चढतो. धुऱ्यावर उभ्या असलेल्या अशिक्षित बाईला जे मागता येतं, ते आयटीआयच्या मुलाला कंपनीच्या गेटवर मागता येत नाही.

पण तो शेतकरी ती मजुरी कुठून देतो? २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, आणि तोही खरेदी केंद्रावर नंबर लागला तर. त्याच्या खिशातून रास्त मजुरी काढायची तर आधी त्याच्या मालाला रास्त भाव मिळाला पाहिजे. लहान कारखानदारांचंही थोडंफार असंच आहे. ऑर्डर देणारी मोठी कंपनी दर दाबते आणि बिलं लांबवते, त्याचा भार शेवटी हेल्परवर पडतो. कमी मजुरीचा दोष शेवटच्या देणाऱ्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

लाडकी बहीण योजनेमुळे बाया आळशी झाल्या, असं हल्ली फार ऐकू येतं. २०२५ च्या फेब्रुवारीत देशातल्या एका फार मोठ्या बांधकाम कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर कार्यक्रमात म्हटलं की सरकारी योजना आणि सोयींमुळे मजूर कामासाठी बाहेर पडायला तयार होत नाहीत. लाडकी बहीणचे १,५०० रुपये महिना म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यावर कोणी घरी बसत नाही. एवढं मात्र झालं आहे की बाई एखादा वाईट सौदा नाकारू शकते, ताप असताना चिखलात न उतरण्याचं ठरवू शकते. तिच्याजवळ आलेली ही एवढीशी ताकद मोठ्या माणसांना का खुपावी?

आणि पैसा नाही असं कसं म्हणायचं? केंद्राच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत लिहिलं आहे की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्याकडचा रोजगार १.५ टक्क्यानं. नफ्याचं जीडीपीशी प्रमाण पंधरा वर्षांतलं सर्वांत जास्त होतं. अर्थतज्ज्ञ टोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारताचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. त्यात २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा निघाला. हा वाटा ज्या वर्षांत वाढला, त्याच वर्षांत आमच्या फिटरच्या मेंबर आयडींची रांग वाढत गेली.

टंचाईवर मजुरीचा उपाय चालतो, हे आपल्या शासनालाही ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तिथे कुशल कामगार कमी पडतात म्हणून. जर्मन भाषेचे वर्ग निघाले. कन्हानची मुलंसुद्धा त्याची चौकशी करायला माझ्याकडे आली होती, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. जी मुलं बुटीबोरीला जायला कुरकुरतात अशी तक्रार आहे, ती हजारो किलोमीटरवर, थंडीत, परक्या भाषेत राहायला तयार होती. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून कायद्यानं तासाला १३.९० युरो किमान वेतन आहे. तो आकडा त्यांना तोंडपाठ होता.

आपल्याकडून मला काय हवं आहे ते लिहितो. नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता देशात लागू झाल्या आहेत. राज्यांच्या नियमांवर बरंच काही ठरणार आहे, म्हणून ही वेळ चुकवू नये.

ज्या कारखान्याला टंचाईचं कारण सांगून जास्तीचे तास घ्यायचे आहेत, त्यानं आधी दाखवावं की रिकाम्या जागेसाठी त्यानं किती पगार देऊ केला होता, किती दिवस, आणि त्याच्याकडे आधीपासून राबणाऱ्या ठेक्यावरच्या किती जणांना कायम केलं. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत, चौकातल्या पाटीवरसुद्धा, हातात पडणारा पगार लिहिणं सक्तीचं करावं. ओव्हरटाइमची संमती कामावर घेतानाच्या कागदांत नको. ती दर वेळी घ्यावी, कामगाराच्या मोबाइलवर त्याची नोंद जावी आणि त्याला ती मागे घेता यावी. किमान वेतनाचे दर १९५७ च्या सूत्रानं, आजच्या किराणा आणि भाड्याच्या भावानं नव्यानं बसवावेत, आणि त्यात घरातल्या म्हाताऱ्यांनाही धरावं. ठेकेदार बदलला तरी त्याच गेटवर, त्याच मशीनवर काम करणाऱ्याची सेवा सलग मोजली जावी. माझ्यापुरतं विचाराल तर या सगळ्यात शेवटची मागणी मी सर्वांत आधी करेन.

आणखी एक साधी गोष्ट. तक्रार करायची तर आमच्या माणसाला नागपूरला कामगार कार्यालयात जावं लागतं. ते कामाच्या दिवशीच उघडं असतं, म्हणजे एक खाडा, एका दिवसाची रोजी गेली. तक्रारीवर तारीख पडली की दुसरा खाडा. तिसऱ्या खाड्याला ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नको. महिन्यातल्या एका रविवारी आपल्या खात्याचे अधिकारी कन्हान-पिपरी नगर परिषदेत किंवा एखाद्या शाळेत बसले, सोबत पीएफ आणि ईएसआयचा एकेक माणूस बसला, तर पुष्कळ प्रकरणं जागच्या जागी सुटतील. अर्ज भरून द्यायला मी आणि माझ्यासारखे सेवा केंद्रवाले मोफत येऊ. तक्रारदाराचं नाव ठेकेदाराला कळणार नाही एवढी हमी मात्र आधी जाहीर व्हावी, नाहीतर कोणी येणार नाही.

या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटलं, तर एकच माहिती कळवा. टंचाईचं कारण देऊन जास्तीच्या तासांची मुभा वापरणाऱ्या कारखान्यांपैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात आपला मजुरीचा दर वाढवला होता?

आपला,
कन्हान येथील एक ऑनलाइन सेवा केंद्रचालक
ता. पारशिवनी, जि. नागपूर